तूप आहे, धावणार कोण?

संत नामदेवांची ती गोष्ट आपल्याकडे शाळेत जायच्या आधीच कानावर पडते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. गोष्ट भूतदयेची म्हणून सांगितली जाते आणि सांगताना सगळा भर तुपावर असतो. भुऱ्या घरी आल्यापासून मला मात्र त्यातलं धावणं दिसायला लागलं.

भुऱ्या आमचा कुत्रा. गावठी, तांबूस, नसबंदीची खूण म्हणून एका कानाला खाच पाडलेला. निवारा केंद्रातून आणला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. खरं तर आम्ही पिल्लू बघायला गेलो होतो. पिल्लं आदल्याच रविवारच्या कॅम्पमध्ये संपली होती (हो, तिथल्या मुलीने ‘संपली’ असंच म्हटलं, वड्यांसारखी). उरली होती ती मोठी. त्यातला हा जाळीवर पुढचे पाय टेकून उभ्या उभ्या उड्या मारत होता. पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘एनर्जेटिक, प्लेफुल’. वधूवर सूचक मंडळात ‘मुलगी जरा स्पष्टवक्ती आहे’ म्हणतात ना, तसा तो शब्द आहे. त्याचा अर्थ नंतर कळतो.

आम्हाला पहिल्या महिन्यात कळला. दिवाणाचा एक पाय, दोन उशा, माझी कोल्हापुरी, मुलाचे इअरफोन. पहाटे पाचला तोंडावर पंजा. लिफ्टचं दार उघडलं की समोर असेल त्याच्या अंगावर झेप. ती मायेचीच असायची, पण चौथ्या मजल्यावरच्या आजींना ती माया पेलणारी नव्हती. तिसऱ्या आठवड्यात नवरा म्हणाला, “परत देऊन येऊ.” मी वाद घातला नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. आम्ही गेलो नाही. त्यामागे काही थोरपणा नव्हता. गाडी गॅरेजमध्ये होती आणि चार दिवस धो धो पाऊस होता. ते चार दिवस निघाले आणि विषय मागे पडला.

हे सांगते आहे ते एवढ्यासाठी की कुत्रा परत देणाऱ्यांविषयी मी पुढे जे लिहिणार आहे, ते उंच जागी बसून लिहिलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कुत्रा ‘दत्तक घ्या’ म्हणून जो प्रचार चालतो तो सगळा दयेच्या भाषेत चालतो, आणि तरुण, धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत नेमकी हीच भाषा घात करते. अशा कुत्र्याला तुमच्या दयेचा उपयोग फार थोडा. त्याला रोजचे दोन तास लागतात आणि पाय मोकळे करायला जागा लागते. पैकी तास कुटुंबाने द्यायचे आणि जागा शहराने. दोन्हींचा हिशेब आधी मांडला नाही, तर आपण कुत्र्याला एका पिंजऱ्यातून काढून दुसऱ्यात ठेवतो. दुसऱ्याला बाल्कनी असते, इतकाच फरक.

आधी ‘दत्तक’ या शब्दाकडेच बघू. 1956च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की कायदेशीरपणे झालेलं दत्तकविधान कुणालाही रद्द करता येत नाही. आईबापांना नाही, मुलालाही नाही. हा इतका भारदस्त शब्द आपण कुत्र्यासाठी वापरतो, पेढे वाटतो, फोटो टाकतो, आणि आठव्या महिन्यात केंद्राला फोन करतो की ‘आम्हाला जमत नाहीये’. मला शब्दाची चीड नाही. पण त्याने एक नुकसान होतं. ज्याला खरंच जमत नाही त्याला परत जायची लाज वाटते, आणि मग कुत्रा केंद्रात परत येण्याऐवजी घाटात, धरणाच्या वाटेवर, एखाद्या ढाब्याजवळ सोडला जातो. गळ्यात पट्टा तसाच. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिला आहे किमान 10 आणि कमाल 50 रुपये. किमान दंडाहून तर चहा-वडापावही महाग पडतो. तेव्हा दंडाने कुणी घाबरणार नाही. परत आणून देण्याची वाट उजळ माथ्याने चालता येईल अशी ठेवणं, हाच त्यातल्या त्यात उपाय. केंद्रांनी पंधरा दिवस, महिनाभर घरी ठेवून बघायची मुभा द्यावी, आणि परत आलेल्या माणसाला गुन्हेगारासारखं वागवू नये. काही संस्था ‘फॉस्टर’ म्हणून हे करतातच. नेऊन बघितलेल्या घराकडून केंद्राला निदान माहिती तरी मिळते: हा मांजरामागे धावतो, याला एकट्याला राहवत नाही, याला फटाक्यांचं भय आहे. पिंजऱ्यात हे दिसत नाही.

पिंजऱ्यात काय दिसतं? तरुण कुत्रा तिथे गोल गोल फिरतो, माणूस दिसला की भुंकतो, जाळी चावतो. बघायला आलेलं कुटुंब दचकतं आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे वळतं, ‘हा शहाणा दिसतोय’ म्हणून. तो शहाणा असेलच असं नाही. पुष्कळदा तो नुसता घाबरलेला असतो, आणि घरी रुळल्यावर त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो. केंद्रातले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळायचे, तीन महिने घर आपलं वाटायचे. आमच्याकडे सहा लागले. पण पहिल्या दिवसावरून कुत्र्याची पारख करू नये, हे त्या हिशेबातलं तथ्य पक्कं.

आणि वयाचं काय? पिल्लू सगळ्यांना हवं असतं आणि म्हातारा कुत्रा नेणारे थोडे, पण भक्तिभावाने नेणारे असतात. अडकून पडतो तो सहा महिने ते दोन वर्षांमधला. अंग वाढलेलं, दात पक्के, डोकं अजून पिल्लाचं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाइड डॉगच्या, म्हणजे अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या, पिल्लांवर केलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या महिन्यात जी कुत्री आपल्या सांभाळणाऱ्याच्या सांगण्यावरून बसत होती, ती आठव्या महिन्यात त्याचंच ऐकेनाशी झाली. परक्या माणसाने सांगितलं तर मात्र बसत. ज्यांच्या घरात दहावीतलं मूल आहे त्यांना हे वाचून हसू येईल. हे वय सरतं, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष. म्हणजे आपण कुत्रा परत देतो, सोडून देतो, ते अगदी त्या वळणावर, जिथून चार-सहा महिने कळ काढली असती तर पुढे दहा-बारा वर्षं सुखाची होती.

कळ काढायची म्हणजे काय करायचं, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. केंद्रात पिंजरे धुणाऱ्या मुलाने सांगितलं. मी तक्रार केली होती की रोज तासभर चेंडू फेकते, तरी हा दमत नाही. तो म्हणाला, “ताई, त्याला पळवून दमवू नका. तो अजून तगडा होईल. त्याला वास घेऊ द्या.” तेव्हापासून सकाळच्या फेरीत मी ओढणं बंद केलं. एकेका खांबापाशी तो दोन दोन मिनिटं रेंगाळतो, मीही रेंगाळते. घरी जुन्या गोधडीच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ठेवते आणि तो अर्धा तास नाकाने शोधत बसतो. मग झोपतो तो थेट दुपार उलटेपर्यंत. रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे नीट पाहिलं तर हेच दिसेल. ती दिवसाचा बराच वेळ झोपून काढतात, हिंडणं-हुंगणं सकाळ-संध्याकाळ. आपण ज्याला मस्ती म्हणतो त्यातली बरीचशी रिकामपणाची असते.

आता आपल्या इमारतींकडे. शनिवार-रविवारच्या कॅम्पला येणारी निम्मी मंडळी भाड्याच्या घरातली तरुण जोडपी असतात. घरमालकाला विचारलेलं नसतं. एकाची बदली बंगळुरूला होते, दुसऱ्याला परदेशी प्रोजेक्ट मिळतो, आणि ‘अर्जंट री-होमिंग’चे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. दुसरा प्रकार मुलांसाठी कुत्रा आणणाऱ्यांचा. ‘तोच करेल सगळं, कबूल केलंय त्याने’, हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथे तीन महिन्यांनी कुत्र्याला बाहेर कोण नेतं ते आईला विचारा. तिसरा प्रकार मला सगळ्यात काळजीचा वाटतो. मुलं न्यू जर्सीला नाहीतर सिडनीला, आईबाबा कोथरूडला, आणि मुलांना वाटतं की सोबतीला कुत्रा असावा. सोबतीची कल्पना उत्तमच. पण दीड वर्षाचा वीस किलोंचा कुत्रा पंच्याहत्तरीच्या माणसाच्या हातात? माझ्या ओळखीच्या एका काकूंना मांजर दिसल्यावर कुत्र्याने असं ओढलं की त्या तीन महिने खाटेवर होत्या. त्यांना आठ वर्षांची शांत कुत्री दिली असती तर दोघींचं भलं झालं असतं. केंद्राने तेव्हा ‘नाही’ म्हणायला हवं होतं. सदिच्छेने आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जड जातं, आणि एक कुत्रा कमी झाला तर केंद्राचीही एक वाटी वाचते.

इथे दुसरी बाजूही आहे आणि ती मला पटते. काही संस्थांची चौकशी इतकी कडक असते की माणूस कंटाळून पैसे मोजून लॅब्रेडॉर घेऊन येतो. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, लग्न झालंय का, घराचे फोटो पाठवा. यातून नेमकी चुकीची माणसं गाळली जातात. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनदादांकडे कुत्री आहे. त्यांच्याकडे सोफा नाही, इन्शुरन्स नाही. पण ती दिवसभर त्यांच्या पायाशी असते, रात्री त्यांच्याबरोबर फेऱ्या मारते, मिनिटभरही एकटी नसते. कुठल्याही केंद्राच्या अर्जात ते नापास होतील आणि साडेनऊ ते साडेआठ घर बंद ठेवणारं आयटीतलं जोडपं पास होईल. म्हणून म्हणते, पगाराची पावती मागू नका, दिवसाचं वेळापत्रक मागा.

आता सरकार आणि न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील ती वगळून. त्याच आदेशात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि नेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी नेणाऱ्यावर टाकली. मग 7 नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेजं, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचलायची, निवाऱ्यात ठेवायची आणि तिथे परत सोडायची नाहीत.

चावलेल्या मुलाच्या आईसमोर उभं राहून या आदेशाला सरळ चूक म्हणायची माझी तयारी नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, हे कुत्रा पाळणाऱ्याने तर कधीच विसरू नये. पण या आदेशाने निवाऱ्यांत भर पडणार ती कोणाची? म्हाताऱ्या, लंगड्या, आंधळ्या कुत्र्यांची नव्हे, ती आधीपासून तिथे आहेत. आता येणार ती कॉलेजच्या कँटीनवर वाढलेली, एसटी स्टँडवर शंभर माणसांत वावरलेली, अंगात वारं भरलेली तरुण कुत्री. त्यांना सहा बाय चारच्या पिंजऱ्यात जन्मभर ठेवणं याला निवारा म्हणवत नाही. तेव्हा कुणीतरी उत्साहाने म्हणणार, मग घ्या ना दत्तक!

आकडे बघा. 2019च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री होती, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या घरात. घराघरांतून वाटून हा आकडा संपणार नाही. तो आटोक्यात येतो तो नसबंदीने, आणि रेबीज आटोक्यात येतो लसीकरणाने. शेजारच्या गोव्यात 2014 पासून मोहीम काढून वर्षामागून वर्षं रस्त्यावरची कुत्री शोधून टोचली, तेव्हा तिथे रेबीज मागे हटला. कंटाळवाणं, दरवर्षी करायचं काम आहे. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ते शोभत नाही. दत्तक कॅम्प शोभतो. एका विशिष्ट कुत्र्याचं आयुष्य दत्तक देऊन बदलतं, शहराचा प्रश्न त्याने सुटत नाही. महापालिकेने दोन्ही गोष्टी एकाच आकडेवारीत मिरवू नयेत.

महापालिकेला खरंच काही करायचं असेल तर जागा द्यावी. आपल्या बागांच्या फाटकावरच्या पाट्या वाचा: फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, कुत्र्यांना प्रवेश नाही. सोसायटीत ‘पेट्स नॉट अलाउड’ असा ठराव बहुमताने करतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच सांगून ठेवलंय की असा ठराव करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. तरी करतात. फुटपाथ असतात तिथे दुचाकी असतात. एवढ्यात तरुण कुत्र्याने दोरीशिवाय शंभर पावलं धावायचं कुठे? हैदराबादच्या महापालिकेने 2018 मध्ये कोंडापूरला कुत्र्यांसाठी खास बाग केली, सव्वा एकराच्या आसपास. पूर्वी तिथे कचरा पडायचा. आपल्या शहरांत अशा कचरापट्ट्या नाहीत असं कोण म्हणेल? कुंपण घातलेलं अर्धं मैदान, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, आत येताना लसीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना दाखवायचा. लोक परवाने काढत नाहीत ही पालिकेची जुनी तक्रार आहे. परवान्याच्या बदल्यात काही मिळालं तर काढतील.

कुत्रेवाल्यांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. पिशवी न घेता फिरायला जाणारे आपणच, ‘काही करत नाही हो तो’ म्हणत दुसऱ्याच्या घाबरलेल्या मुलाला हसणारेही आपणच. बागेच्या फाटकावरची ती पाटी आपण कमावलेली आहे.

आणि घरच असायला हवं का, हाही प्रश्न विचारून बघावा. मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाउसमध्ये फुटपाथवरच्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर राहायची सोय आहे. ती कुणा एकाची नाहीत, त्या इमारतीची आहेत. आपल्या वाडीत, चाळीत, एसटीच्या डेपोत हेच होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. गुरखा, चहावाला, दोन रिक्षावाले मिळून एक कुत्रा सांभाळत. ते मोडून सगळ्यांनी एकेक घरात न्यावं, नाहीतर पिंजऱ्यात ठेवावं, या दोनच वाटा आपण उरू देतो आहोत. लसीकरण झालेला, नसबंदी झालेला आणि चार जणांनी लेखी जबाबदारी घेतलेला कंपनीचा, गोदामाचा, सोसायटीचा कुत्रा ही तिसरी वाट केंद्रांनी अर्जात घालायला हरकत नाही. एकट्याच्या दोन तासांपेक्षा चौघांचे आठ तास कुत्र्याला जास्त परवडतात.

आमच्या केंद्राच्या अर्जात तसा रकाना नव्हता. पण एक चांगला होता. ‘संध्याकाळी साडेसात वाजता जोराचा पाऊस असेल तर कुत्र्याला बाहेर कोण नेईल?’ आम्ही मोठ्या उत्साहात लिहिलं, ‘घरातले सगळे मिळून’. टेबलापलीकडच्या मुलीने ते वाचलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि कागद परत आमच्याकडे सरकवला. म्हणाली, “एकच नाव लिहा.” नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मुलाकडे पाहिलं, मुलगा फोनमध्ये होता. बराच वेळ कुणी पेन उचललं नाही.